फवारणी संध्याकाळी, आधी पीक पाहणी

आज उघडीप आहे. पंप संध्याकाळी पाठीवर घ्या, आधी मोबाइल घेऊन रानात जा आणि ई-पीक पाहणी करा, म्हणजे रानात काय पेरलंय ते सरकारी अ‍ॅपवर फोटोसह नोंदवा. दरवर्षी हेच सांगतो आणि दरवर्षी निम्मं गाव म्हणतं, "पोळा झाला की करू." काही वर्षी पोळा सप्टेंबरात येतो, आणि खरिपाला शेतकऱ्याने स्वतः पाहणी करायची मुदत साधारण १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर एवढीच असते. मुदतवाढ मिळते कधीकधी. पण ओढ्याकाठच्या रानात पाणी साचून सोयाबीन सडलं, तर वाढीव मुदतीत फोटो कशाचा काढणार?

२०२३च्या खरिपाचं कापूस-सोयाबीन अर्थसाहाय्य आठवा. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. याद्या ई-पीक पाहणीवरून लागल्या. ज्यांचं उभं सोयाबीन सगळ्या शिवाराने पाहिलं होतं, अशांची नावं त्यात सापडेनात, कारण अ‍ॅपवर पेरा नोंदवलेलाच नव्हता. पुढे सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांसाठी अट सैल झाली खरी, पण ज्यांची तीही नोंद नव्हती त्यांनी नुसते तहसीलचे हेलपाटे घातले. हमीभाव केंद्रावरही तेच. २०२५-२६ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. सातबाऱ्यावर पेरा कोरा असला की केंद्रावरची नोंदणी अडते आणि माल व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो.

बहुतेक जण चुकतात ते इथे. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक निवडा, दोन्हींचं क्षेत्र टाका. नुसतं सोयाबीन टाकलं की तूर विकताना रडायची पाळी. दोन गट नंबर असतील तर पाहणी दोनदा, प्रत्येक गटात उभं राहून. घरी बसून पाहणी होतच नाही, तेव्हा "शंभर रुपयांत करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अ‍ॅप फुकट आहे. स्वतःला जमत नसेल तर भावकीतलं एखादं पोर बरोबर न्या. चुकलं तर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते.

दुकानदाराचंही ऐकून घ्या आणि सोडून द्या. या दिवसांत सोयाबीनला टॉनिक, सिलिकॉन, "फुलं टिकवायचं" काहीबाही एकरी हजाराच्या पुढे गळ्यात मारतात. पाणी तुंबलेल्या रानाला चर काढणं हेच टॉनिक.

बाकीची कामं:
– साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा.
– सोयाबीनवर चक्रीभुंगा: खापा (देठाभोवती गोल चिरा) पडलेली पानं, फांद्या तोडून नष्ट करा.
– पानं खाणाऱ्या अळ्या: सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क. वाढल्या तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, ३ मिली १० लिटर पाण्यात.
– कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे). सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात दर रात्री ८ किंवा जास्त पतंग आले तर फवारणी.
– पीएम किसानचा हप्ता अडकला असेल तर ई-केवायसी आणि आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते बघा. पैसे त्याच खात्यात जातात.

आणखी एक, हा माझा अंदाज, विद्यापीठाचा नाही. चार-पाच दिवस ढगाळ, उमस आणि वारा पडलेला असला की पाठोपाठ अळी येते. तेव्हा रोज सकाळी रानात फेरी मारायचीच आहे, त्याच फेरीत फोटो काढा.

फोटो काढून खिशात मोबाइल टाकला म्हणजे पाहणी झाली असं नाही. रानात रेंज नसते, माहिती मोबाइलमध्येच पडून राहते. गावात आल्यावर अपलोड करा आणि रात्री अ‍ॅपमधली गावाची यादी उघडून आपलं नाव हिरवं झालंय का बघा. झालं नसेल तर पहाटे पाच-सहाला पुन्हा अपलोड दाबा. त्या वेळी सर्व्हर मोकळा असतो, असा माझा अनुभव आहे.