आळस घालवायचाय? आधी या चुका टाळा

पुण्यात नवी पेठेत अभ्यासिका चालवतो, त्याला बारा वर्षं झाली. स्पर्धा परीक्षेची मुलं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती मूडची वाट बघण्याची चूक. बीडकडचा एक मुलगा दर रविवारी अप्पा बळवंत चौकातून काहीतरी नवं आणायचा, कधी हायलायटर, कधी नव्या आवृत्तीचं पुस्तक. रात्री चार रंगांत टाइमटेबल करायचा, पहाटे चारपासूनचं. सोमवारी उठायला साडेसात झाले की, "आजचा दिवस गेलाच काका, उद्यापासून बसतो." मग टपरीवर चहा आणि मोबाइलवर प्रेरणेचे व्हिडिओ. तीन महिन्यांनी त्याचं राज्यघटनेचं पुस्तक चाळलं. पहिली चाळीस पानं हाताळून काळवंडलेली, पुढची सगळी कोरी करकरीत.

म्हटलं, "टाइमटेबल फाड. सकाळी आठला ये, एक पान वाच. मन लागलं नाही तर खुशाल घरी जा." पहिल्या दिवशी तो एक पान वाचून खरंच गेला. पाचव्या दिवशी दीड वाजता डबा खायला हाक मारून उठवावं लागलं. पुस्तक दिवाळीच्या आत संपलं.

आधी काम, मग मूड. नैराश्यावरच्या उपचारांतही हेच तत्त्व वापरतात, त्याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. उत्साहाची वाट न बघता छोटी कृती ठरवायची आणि करायची.

दुसरी चूक, एकवीस दिवसांत सवय लागते असं मानण्याची. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहऱ्याचा नियम सगळ्या सवयींना लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, त्यात सवय लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी हातपाय गाळणाऱ्यांना हे मी कळकळीने सांगतो. घाई झालेल्यांना शॉर्टकट हवा असतो, तो नाही. मी रोज पर्वती चढतो, १०३ पायऱ्या. एक दिवस चुकला तर चुकला, सलग दोन चुकू देत नाही. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवतो.

मोबाइल टेबलावर पालथा ठेवू नका, बाहेरच्या कपाटात ठेवा.

'मी आळशीच आहे' हे चारचौघांत बोलणं बंद करा. ऐकून ऐकून स्वतःलाच खरं वाटायला लागतं.

आणि प्रत्येक थकव्याला आळस म्हणू नका. पुरेशी झोप होऊनही आठवडेच्या आठवडे अंग जड राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जा. रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य, काहीही असू शकतं. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी रोज अकराला डोकं टेकायची. मी तिला दोनदा झापलं. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं, कारण पैसे वाचवायला ती एकच वेळचा डबा घेत होती. आता कुणी डुलकी काढताना दिसलं, तर मी आधी जवळ जाऊन विचारतो, जेवलास का?