कूलर बंद करून ऑपेरा

मे महिन्यात नागपुरात गळा तयार करायचा तर कूलर बंद ठेवावा लागतो. चालू असला की त्याच्या घरघरीवर आपण नकळत आवाज चढवतो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन उन्हाळे लागले. तोवर आजी रोज विचारायची, "कामून कोकलून राह्यली वं?"

आठ वर्षं ख्याल शिकून मी ऑपेराकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या गाण्याकडे वळले. स्टाफ नोटेशन, म्हणजे तिकडची स्वरलिपी, नागपूरच्याच सदर भागातल्या एका चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) शिकले, गाणं मुंबईच्या बाईंकडे ऑनलाइन. ऑपेरा शिकू पाहणाऱ्या नव्या मुलींनो, पहिला धक्का षड्जाचा बसतो. आपण गळ्याला सोयीचा सा धरतो. इथे पट्टी ठरलेली असते, गळ्यानं तिथं जायचं. माझी पट्टी काळी चार. त्या हिशेबानं सोप्रानोचा, म्हणजे बायकांतल्या सगळ्यात उंच आवाजाचा, वरचा सी म्हणजे अतितार (तारेच्याही वरच्या) सप्तकातला गंधार! छातीचा आवाज ढकलून तिथं पोचताच येत नाही. जो आवाज गुरुजी 'खोटा' म्हणून खोडून काढायचे, त्याच्याच आसपासचा पातळ आवाज महिनोन्‌महिने घोटावा लागतो. तो भरला की माइकशिवाय अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून पलीकडे जातो.

उच्चारांत मात्र आपण नशीबवान. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य, जोडाक्षरं 'पक्का', 'सत्तर'सारखी ठासून, आणि 'ग्रात्सिए'मधला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च.

घाई करू नका, हे मी पोळून सांगतेय. बाईंच्या आधीच्या एका शिक्षकानं सतराव्या वर्षी मला व्हर्दी या इटालियन संगीतकाराचं जड गाणं दिलं. मलाही मिरवायचं होतंच. तीन आठवड्यांत स्वरतंतूंना सूज, धंतोलीतले डॉक्टर, महिनाभर पाटीवर लिहून बोलणं. आना गॉटलीबनं 1786 साली मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेरात बार्बारिना या मुलीचं काम केलं तेव्हा ती 12 वर्षांची होती, हा दाखला मी तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर फेकायचे. ते काम किती छोटं आणि हलकं आहे, ते स्वरलिपी उघडल्यावर कळलं. 'हे तुझ्यासाठी अजून नाही' असं सांगणारा शिक्षक सोडू नका.

आवाज जाड असेल तर सोप्रानो व्हायचा हट्ट नको. त्याच 'फिगारो'तला केरुबिनो हा पोरगा बाईच गाते, बहुतेकदा मेझो, म्हणजे सोप्रानोपेक्षा खालच्या आवाजाची. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसायचे, तिकडे बाया पँट चढवतात.

परीक्षांचं थोडक्यात: एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडला बसण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी लागते. मी ती टाळली, वर्ष गेलं.

आता पहाटे साडेपाचला आजीच उठून कूलरचं बटण बंद करते. "हं, कोकल आता," म्हणते आणि हातपंखा घेऊन बसते.