वसुलीवाल्याच्या घरातली वही

कराडच्या एका पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं वसुलीचं काम करतोय. लोकांच्या दारात चप्पल काढायची, चहाला नको म्हणायचं आणि "मागचे दोन हप्ते राहिलेत, तेवढं बघा" असं सांगून उठायचं. डिसेंबर २०२१ मध्ये असाच एका थकबाकीदाराच्या ओसरीवर बसलो होतो आणि माझाच फोन वाजला. मुलाच्या क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत, त्यानं दुसरा नंबर म्हणून तुमचा दिलाय, म्हणाले. समोरचा थकबाकीदार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर जे सुरू केलं, ते सांगतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण काम करायचा क्रम बहुतेक हाच राहील.

आधी वही. मोबाइलमधलं ॲप नको, शंभर पानी वहीच हवी, कारण ती सगळ्यांच्या मधे उघडी ठेवता येते. पाच रकाने आखा: कोणाचं, कोणाकडून, बाकी किती, दरमहा हप्ता, व्याज. घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि खर्च करणाऱ्या माणसानं आपापलं सांगायचं. नियम एकच, "कशाला घेतलंस?" असं कुणी कुणाला विचारायचं नाही. मी तो नियम अर्ध्या तासात दोनदा मोडला. सूनबाई उठून भांडी घासायला गेली, तिला परत बोलावून बसवायला दहा मिनिटं लागली.

माझा अंदाज होता, घरावर सगळं मिळून तीनेक लाख असतील. माझं सेवक कर्ज २,१०,००० मला माहीतच होतं, ते पगारातून कापून जातं. मुलाच्या गाडीचं ३९,९०० माहीत होतं. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने ५०,००० मीच आणले होते. मग वही पुढं सरकत गेली. मुलाचं कार्ड ६४,०००. मोबाइलचे सात हप्ते, १३,९९३. एका ॲपवरचं कर्ज १५,०००, त्यातले हातात पडले होते १२,९००. सूनबाईचं बचत गटाचं १८,०००, शिलाई मशीनसाठी घेतलेलं. किराणा दुकानाची उधारी ११,४००. भिशी हिनं दुसऱ्याच महिन्यात उचलली होती, तिचे २०,००० भरायचे राहिले होते. आणि सगळ्यात शेवटी हिनं हळूच सांगितलं, की गंठण कपाटात नाही. लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी ते ९०,००० ला तारण ठेवलं होतं. दीड वर्ष ही लग्नकार्यात खोट्याचं गंठण घालून माझ्या शेजारी बसत होती.

बेरीज ५,३२,२९३. सेवक कर्ज सोडून बाकीच्यांचे हप्ते महिन्याला १६,५४९. घरात येत होते तिघांचे मिळून ४८,१००, खाणारी तोंडं सहा.

कुणी उधळपट्टी केली नव्हती. प्रत्येकानं आपापल्या अडचणीला आपापला उपाय शोधला होता आणि तो बाकीच्यांपासून झाकून ठेवला होता. दारोदार फिरून मला एवढं कळलंय, की घर खड्ड्यात जातं ते एका मोठ्या कर्जानं कमी आणि अशा चोरट्या सहा-सात कर्जांनी जास्त. म्हणून हा पहिला दिवस टाळू नका.

दोन गोष्टी वहीत हमखास राहून जातात. एक, जामीन. तुम्ही मित्रासाठी सही केली असेल, तर तीही लिहा. कर्जदारानं हात वर केले, तर संस्था कर्जदाराइतकंच जामीनदाराला धरू शकते, आणि आमचा अनुभव असा, की पगारदार जामीनदार आधी सापडतो. दुसरी, विसरलेली किंवा नावावर चुकून पडलेली कर्जं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा त्याच्या नावावरच्या कर्जांचा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागवा आणि वहीशी ताडून बघा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी फिटलेलं टीव्हीचं कर्ज अजून चालू दिसत होतं.

आता व्याजाचा रकाना. इथं बहुतेक लोक फसतात, कारण प्रत्येक जण व्याज वेगळ्या भाषेत सांगतो. सगळं वार्षिक टक्क्यात आणा. सावकार "शेकडा पाच" म्हणतो ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला साठ. कार्डवाले साडेतीन टक्के म्हणतात तेही महिन्याचं, वर्षाला बेचाळीस, वर जीएसटी. त्यात किमान रक्कम भरली की प्रकरण मिटलं, अशी पोरांची समजूत असते. माझा मुलगा महिन्याला ३,२०० भरत होता, त्यातले २,२४० नुसत्या व्याजात जात होते. शिवाय मागची बाकी उभी असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

फायनान्सवाल्यांचा "फ्लॅट रेट" हा आणखी एक चकवा. एक लाख तीन वर्षांसाठी, फ्लॅट बारा टक्के, म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८. ऐकायला बारा. पण तुम्ही मुद्दल दरमहा परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर काढलं, तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या पुढं जातो. ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. सही करायच्या आधी तो आकडा बघा, बाकीची पानं घरी वाचा.

फेडायचा क्रम व्याजाप्रमाणं, सगळ्यात महाग ते आधी. याला मी एकच अपवाद केला, आणि तो तुम्हीही करावा असं मला वाटतं: किराणा उधारी. व्याज शून्य, तरी पहिले पैसे तिथं. दिवाळीच्या बोनसमधले बारा हजार उरले होते, त्यातून दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचं खातं मिटवलं. कारण उधारीवर माणूस भाव विचारत नाही. तूरडाळ कितीला लावली, हे आम्ही दोन वर्षं विचारलंच नव्हतं. छापील किमतीत माल यायचा, पोरगा जाऊन चिठ्ठी द्यायचा, त्यात चिठ्ठीत नसलेली बिस्किटंही यायची. रोख सुरू केल्यावर तेलाचा डबा बाजारात तीन ठिकाणी विचारून आणला. किराण्याचं बिल पहिल्याच महिन्यात ९,२०० वरून ७,४०० वर आलं.

मग कार्ड. बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पगारातून थेंबथेंब फेडत बसण्यात अर्थ नव्हता. हिच्या पाटल्या बँकेत तारण ठेवून ६५,००० काढले, दहा टक्क्यांनी. व्याज महिन्याला साधारण ५४० झालं. हिशेब सरळ आहे, पण गंठण गेलेल्या बाईकडे पाटल्या मागायच्या, हे सरळ नाही. तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटल्या रुमालात बांधून आणल्या आणि मुलाला म्हणाली, "कार्ड आण." कात्रीनं तिनं स्वतः त्याचे चार तुकडे केले. नुसतं कापून कार्ड बंद होत नाही. शून्य बाकी करून बँकेला बंद करायला सांगायचं आणि तसं पत्र घ्यायचं. पण कात्रीचा उपयोग वेगळा होता. सोनं ठेवून कार्ड फेडलं आणि कार्ड चालू ठेवलं, तर वर्षभरात दोन्ही कर्जं डोक्यावर असतात. असे लोक मी किती पाहिले, मोजलेले नाहीत.

यापुढचा नियम: संपलेला हप्ता घरात परत येऊ द्यायचा नाही. कार्डाचे ३,२०० पाटल्यांच्या कर्जात. मार्चमध्ये ॲपचं संपलं, त्याचे ५,००० तिकडंच. जुलैत मोबाइल संपला, तेही तिकडंच. हातातून महिन्याला १६,५४९ जातच राहतात, फक्त वाट बदलते. त्यामुळं घरात कुणाला नव्यानं काटकसर केल्यासारखं वाटत नाही. २०२२ च्या दिवाळीत पाटल्या घरी आल्या.

खर्चाचं म्हणाल, तर मी आधी रोजचा खर्च लिहायला लावला. अकरा दिवस चाललं, बाराव्या दिवशी वहीत "इतर ३००" असं यायला लागलं. मग तो नाद सोडला. त्याऐवजी मुलाच्या यूपीआयचं महिन्याचं स्टेटमेंट छापून आणलं. १३७ व्यवहार होते, त्यातले ६१ शंभर रुपयांच्या आतले. चहा, वडापाव, रिचार्ज, दोन न बघितलेल्या वाहिन्यांचं ऑटोपे. तो स्वतःच पेन घेऊन खुणा करायला लागला, मला काही बोलावं लागलं नाही. ऑटोपे दोन मिनिटांत बंद झाले. मग पगाराच्या खात्यातून यूपीआय काढून टाकलं आणि दुसऱ्या एका बचत खात्याला जोडलं. पगार झाला की ठरलेली रक्कम त्या खात्यात टाकायची. ती संपली की फोन आपोआप नाही म्हणतो, बापाला म्हणावं लागत नाही.

मात्र माझ्या मते खरं भगदाड रोजच्या चहाचं नसतंच. ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचं असतं. लोक ते "अचानक आलं" म्हणतात. आमच्याकडे कर्ज मागायला जूनमध्ये रांग लागते, आणि अर्जावर कारण लिहिलेलं असतं 'अचानक खर्च'. शाळा जूनमध्ये सुरू होते हे अचानक कसं? आम्ही वहीच्या मागच्या पानावर वर्षाचा खर्च मांडला: नातवाची फी आणि वह्या-पुस्तकं १४,०००, एलआयसी १२,४००, दिवाळी १५,०००, गणपती ४,०००, गावची यात्रा आणि पाहुण्यांचं मटण ८,०००, लग्नसराईतले आहेर १०,०००, गाड्यांचे विमे ३,६००, घरपट्टी-पाणीपट्टी ४,२००. एकूण ७१,२००, महिन्याला सहा हजार. हे सहा हजार पगाराच्या आठवड्यात वेगळ्या खात्यात टाकायचे, ज्याचं कार्ड नाही आणि यूपीआय नाही. यात्रेचं मटण कमी करा असं मी सुचवून पाहिलं. घरात तो विषय कुणी पुढं जाऊ दिला नाही, मीही ताणला नाही.

हप्ता भरताच येणार नसेल तर काय, हे आमच्या बाजूनं सांगतो. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. महिन्याच्या शेवटी आम्ही यादी काढतो, तेव्हा जो स्वतः येऊन "या महिन्यात निम्मे देतो" म्हणून गेलाय, त्याच्या नावापुढं टिपण असतं आणि त्याच्या दारात आम्ही शेवटी जातो. फोन न उचलणारा सगळ्यात वर असतो. प्रकरण सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यापर्यंत, म्हणजे सक्तीच्या वसुलीच्या निबंधकांच्या आदेशापर्यंत गेलं, की मग आमच्याही हातात फारसं राहत नाही. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा वसुलीवाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही, शिवीगाळ करू शकत नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून लेखी तक्रार द्या. "एवढे भरा, बाकी सोडतो" अशी तडजोड मोहात पाडते, पण सिबिलसारख्या कंपन्यांच्या अहवालात ती 'सेटल्ड' म्हणून राहते आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेलात की आडवी येते.

खाजगी सावकाराकडे जायची वेळ आलीच, तर परवाना बघा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवाना लागतोच, आणि बिगरशेती कर्जाला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के, नसेल तर १८ टक्के, एवढीच मुभा आहे. शेकडा पाच घेणाऱ्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते.

कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका. गाडीचं असेल तर फायनान्सची ना हरकत आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. आमच्या गाडीचं हे काम मी, वसुलीत आयुष्य गेलेला माणूस, आठ महिने विसरलो होतो.

मधे तीन महिने माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये गेले, वही तशीच पडली. तरी २०२३ च्या गौरींना हिनं गंठण घातलं, खरं. माझं सेवक कर्ज अजून चालू आहे, ते निवृत्तीच्या आधी संपेल.

मेहुण्याचे ५०,००० जानेवारी २०२४ मध्ये एकरकमी दिले. त्यानं मोजले नाहीत, तसेच खिशात घातले. तो गेल्यावर ही म्हणाली, की आपल्याला देताना त्याच्याकडे नव्हते, त्यानं गावच्या सोसायटीतून उचलून दिले होते आणि व्याज इतकी वर्षं तोच भरत होता. वही काढून बघितली. त्याच्या नावापुढं व्याजाच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, बिनव्याजी.