क्लॅमएव्ही अपडेट होत नाहीये? स्कॅनवर विसंबण्याआधी हे बघून घ्या

क्लॅमएव्ही हा मोफत अँटीव्हायरस टाकला, एकदा स्कॅन मारला, इन्फेक्टेड फाइल्स ० दिसलं की बरेच जण निवांत होतात. पण व्हायरस ओळखायच्या खुणांचा, म्हणजे सिग्नेचरचा, डेटाबेसच जुना असेल तर त्या शून्याला काही अर्थ नाही, म्हणून स्कॅनच्या आधी तारीख बघा. क्लॅमस्कॅनला, म्हणजे स्कॅन करणाऱ्या कमांडला, व्हर्जन विचारलं की एकच ओळ येते, तिरप्या रेघांनी तोडलेली, आधी इंजिनचं (मूळ प्रोग्रामचं) व्हर्जन मग डेली (रोज बदलणाऱ्या) डेटाबेसचा नंबर आणि शेवटी त्याची तारीख. नुसतं व्हर्जनच आलं, पुढे काहीच नाही, तर समजा डेटाबेस सापडलेलाच नाही.

आता अपडेट. डेटाबेस अपडेट करणारं फ्रेशक्लॅम हाताने चालवलं की लॉग फाइल लॉक करता आली नाही असा एरर येतो आणि लोक घाबरून सगळं काढून परत टाकतात, अरे पण बिघडलेलं काहीच नसतं, फ्रेशक्लॅमची सर्व्हिस मागे आधीच चालू असते आणि लॉग तिच्या ताब्यात असतो. सर्व्हिस थांबवा, फ्रेशक्लॅम चालवा, सर्व्हिस परत चालू करा, झालं.

अपडेट करताना ४२९ किंवा ४०३ एरर आला तर मात्र हात आवरा. ४२९ म्हणजे तुमच्या आयपीवरून फार वेळा मागणी गेलीये, ४०३ म्हणजे सर्व्हरने ब्लॉक केलंय, बहुतेक वेळा व्हर्जन खूप जुनं असतं म्हणून. फ्रेशक्लॅम स्वतःच कूलडाउनची वेळ दाखवतं, तोपर्यंत थांबायचं, परत परत ट्राय करून काही होत नाही. एकाच नेटवर एकापेक्षा जास्त मशीन असतील तर सीव्हीडीअपडेट टूलने एकदाच उतरवून आतल्या आत वाटा.

आउटडेटेडची वॉर्निंग वेगळी, ती इंजिनबद्दल असते. सपोर्ट संपलेल्या व्हर्जनला पुढे सिग्नेचर मिळणंच बंद होतं. २०१० च्या एप्रिलमध्ये तर ०.९४ आणि त्याआधीची व्हर्जन एका खास अपडेटने चक्क बंद पाडली होती, कित्येक मेल सर्व्हर अडकले. त्यामुळे इंजिन पण वेळच्या वेळी बदला.

रॅम कमी असेल तरी अपडेट मधेच मरतं, कारण नवा डेटाबेस उतरला की फ्रेशक्लॅम तो लोड करून तपासतं. १ जीबीच्या सर्व्हरवर हे हमखास होतं, ३ जीबी तरी हवी. अगदीच नाइलाज असेल तर फ्रेशक्लॅमच्या कॉन्फिगमध्ये ही तपासणी, म्हणजे टेस्टडेटाबेसेस, बंद करा आणि क्लॅमडीचं (मागे सतत चालणाऱ्या स्कॅनरचं) कॉन्करंटडेटाबेसरीलोड पण नो करा, नाहीतर रीलोडच्या वेळी जुना नवा दोन्ही मेमरीत बसतात.

आणि हे कोणी सांगत नाही, ठरलेल्या साइजपेक्षा मोठी फाइल नीट न तपासताच ओके म्हणून दाखवली जाते, पूर्वी ही मर्यादा २५ एमबी होती, ०.१०५ पासून १०० एमबी. अलर्टएक्सीड्समॅक्स ही सेटिंग चालू केलीत की निदान अशी फाइल कळते. विंडोजवर क्लॅमएव्हीचंच इंजिन असलेलं क्लॅमविन वापरत असाल तर त्यात रिअल टाइम (आपोआप होणारा) स्कॅन नाहीच, फाइल तुम्हालाच स्कॅन करावी लागते. लिनक्सवर त्यासाठी क्लॅमोनॅक आहे पण ते वेगळं सेट करावं लागतं. सगळं झालं की आयकारची ६८ बाइटची, अँटीव्हायरस तपासायला बनवलेली निरुपद्रवी टेस्ट फाइल टाकून बघा, ती पकडली नाही तर सेटअपमध्येच कुठेतरी गडबड आहे.