डोंगरातल्या तळ्यावर ट्राउट आणि तंबू: या चुका टाळा

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी साधारण 10 ते 16 अंश असेल तेव्हा तो चांगला खातो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासा मलूल पडतो आणि आमिषाकडे बघतही नाही. कुटुंबासोबतच्या सहलीतल्या बहुतेक चुका ही थंडी विसरल्यामुळेच होतात. दिवसा मासा चुकीच्या पाण्यात शोधला जातो आणि रात्री तंबू चुकीच्या जागी लागतो.

सकाळी नऊनंतर काठावरून गळ टाकणे

भर उन्हाळ्यात काठाजवळचं उथळ पाणी लवकर तापतं आणि मासे खोल, गार थरात उतरतात. म्हणून पहाटेचे दोन तास आणि सूर्य कलल्यानंतरचा वेळ गळासाठी राखा. दुपार मुलांच्या जेवणाला आणि झोपेला द्या. दुपारीच बसायचं असेल, तर तळ्यात ओढा येऊन मिळतो ती जागा किंवा काठ एकदम खोल होतो ती कड निवडा. बर्फ नुकता वितळलेला असताना मात्र उलटं असतं: तेव्हा उथळ पाणी आधी ऊबदार होतं आणि मासे काठाशी येतात.

जाड तंगूस, घट्ट ड्रॅग

डोंगरातलं पाणी नितळ असतं. जाड तंगूस (गळाची दोरी) माशाला दिसतो आणि हलकं आमिष त्याने लांब जातही नाही. 2 ते 3 किलो ताण सोसणारा, 0.20 मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस पुरतो. रिळावर तो कडेपासून 2-3 मिलिमीटर खालीपर्यंतच भरा, नाहीतर वेटोळी सुटून गुंता होतो.

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक, मासा जोरात ओढू लागला की तंगूस सोडणारा. तो तंगूसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ठेवावा. तपासायची सोपी युक्ती: पाऊण लिटर पाणी भरलेली बाटली तंगूसाला बांधा आणि तंगूस रिळाजवळ धरून ती उचला. बाटली जेमतेम उचलली जाते न जाते तोच रीळ तंगूस सोडू लागलं, तर ड्रॅग बरोबर आहे.

मुलांच्या हातून एक चूक हमखास होते. मासा ओढतोय, ड्रॅग करकरतोय, तरी हँडल फिरवणं चालूच. स्पिनिंग रिळात अशा प्रत्येक फेऱ्याला तंगूसाला पाच-सहा पीळ बसतात, आणि पुढच्या फेकीला त्याचा घोळ होतो. मासा ओढत असताना हँडल थांबवायचं. तो थकला की रॉड हळू उचलायचा आणि खाली आणतानाच गुंडाळायचं. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करायची सवयही लावा. स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) वापरत असाल, तर त्याच्या 40-50 सेंटीमीटर वर स्विव्हल, म्हणजे पीळ न बसू देणारा फिरता जोड, हवाच. पीळ बसलेलाच असेल, तर सगळं काढून नुसता तंगूस वाहत्या ओढ्यात सोडा, दोन मिनिटं थांबा आणि बोटांच्या चिमटीतून ताणत परत गुंडाळा.

मासा सुटला की तुटलेलं टोक आधी पाहा. टोक कुरळं असेल तर गाठ सरकली. पाच-सहा वेढे घ्या आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करा, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापून तंगूस कमजोर होतो. टोक सरळ तुटलेलं असेल तर तंगूस दगडाला घासला आहे. शेवटचा मीटरभर भाग कापून टाका.

आमिष तळाला रुतू देणे

तळावर शेवाळ असेल तर आमिष त्यात दडतं. 7 ते 10 ग्रॅमचं सरकतं शिसं, मग स्विव्हल, त्यापुढे 50 सेंटीमीटर तंगूस, 10 किंवा 12 नंबरचा गळ आणि त्यावर तरंगणारं आमिष, अशी बांधणी करा. फेकण्याआधी ते पायाशी उथळ पाण्यात सोडून बघा. आमिषाने गळ वर उचलला नाही, तर गळ लहान करा.

आमिषावर लागलेला मासा बहुधा गळ खोल गिळतो. मासे सोडून द्यायचे असतील, तर टोकाशी उलटा काटा नसलेला एकेरी गळ आणि स्पिनर वापरा. हात ओले करून मासा धरा, शक्यतो पाण्यातच ठेवा आणि कल्ल्यांना बोट लावू नका. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस कापा. सोडायचे किती, ठेवायचे किती, कुठलं आमिष चालतं, हे परवान्याच्या नियमांत असतं. ते निघण्यापूर्वी वाचा.

खायला ठेवलेला मासा लगेच मारा, पोट साफ करा आणि कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची पट्टी अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. ती राहिली की मांस लवकर बिघडतं. मग पुसून बर्फावर ठेवा, वितळलेल्या पाण्यात नाही.

तंबू पाण्याला लागून लावणे

रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली येते आणि तळ्याच्या खोलगटात साचते. काठावरचा तंबू सर्वात गार पडतो आणि दवाने आतून ओला होतो. पाण्यापासून 60 मीटर दूर, थोडी उंच जागा घ्या. झरोके बंद करू नका. श्वासाची वाफ आत राहिली तर अंथरूण ओलं होतं. स्लीपिंग बॅगवरच्या तापमानाच्या दोन आकड्यांपैकी कम्फर्टचा (आरामात झोपता येईल तो) आकडा धरा, लिमिटचा (कसंबसं सोसवेल तो) नाही. खालची चटई पातळ असेल तर महागडी बॅगही उपयोगाची नाही, कारण अंगाखाली दबलेला तिचा भाग ऊब धरत नाही.

साध्या ब्युटेनचा डबा शून्य अंशाजवळ गॅस देणं थांबवतो; प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. स्टोव्ह किंवा निखारे तंबूत कधीच नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 3,000 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून भात-कडधान्यांना जास्त वेळ लागतो. पिण्याचं पाणी 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळा.

मुलं आणि थंड पाणी

15 अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात दम लागतो आणि नकळत पाणी छातीत जातं. पोहता येणंही तेव्हा कामी येत नाही. म्हणून काठावरसुद्धा मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट असावं. गळ फेकताना मागे कुणी उभं नसावं आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा असावा. 2,500 मीटरच्या वर मुलाचं डोकं दुखून उलटी झाली तर आणखी वर चढू नका, आणि आराम पडला नाही तर खाली उतरा. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हा. ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज वाहते.

परतताना बूट आणि जाळी यांवरचा चिखल तिथेच घासून काढा आणि पुढच्या तळ्यावर नेण्याआधी सगळं पूर्ण वाळवा. माशांचे रोग आणि परक्या पाणवनस्पती ओल्या सामानातूनच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.