विंडोज मारताना, म्हणजे इन्स्टॉल करताना, सारखं अडकतंय? या चुका टाळा, दोष कुठल्या पार्टात आहे ते आधी शोधा

पावसाळ्यात बेळगावातल्या वडगावच्या मामांचा फोन आला, "अरे, कंप्युटर काय धड चालंना झालाय, पोरगा सकाळपासनं विंडोज मारूलाय, सहा वेळा झालं." गेलो तर पोरगा सातव्यांदा नेक्स्ट नेक्स्ट दाबत बसलेला. विचारलं, कुठं अडकतंय रे? म्हणाला, "कुठंतरी मधीच."

आता गंमत अशी की कुठला पार्ट गेलाय याचं निम्मं उत्तर त्या 'कुठंतरी मधीच' मध्येच असतंय, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. मी त्याच्या वहीचं एक पान फाडलं, कॅबिनेटला चिकटवलं आणि सांगितलं की आता प्रत्येक वेळी यावर लिहायचं, किती टक्क्यावर थांबलं, चालू केल्यापासून किती मिनिटं झाली होती, घड्याळात किती वाजले होते, आणि थांबलं म्हणजे काय झालं, एरर आली, नुसतं गोठलं, का आपोआप रिस्टार्ट झालं. यात आळस करू नका. दरवेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर पेनड्राइव्ह नाहीतर हार्डडिस्ककडं बोट जातंय. दरवेळी वेगळ्याच ठिकाणी, वेगळीच एरर, तर रॅम किंवा पॉवर. टक्के वेगवेगळे पण मिनिटं तेवढीच, म्हणजे चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी हमखास बंद, तर बहुतेक गरम होतंय. हा काय कायदा नव्हे, पण सुरुवात कुठनं करायची ते तरी कळतंय.

फॉरमॅटवर फॉरमॅट मारणे

पहिली चूक हीच, आणि सगळ्यात महागाची. डिस्क मरायला टेकली असेल तर प्रत्येक फॉरमॅट म्हणजे म्हाताऱ्याला परत परत गड चढायला लावल्यासारखं आहे. आत लग्नाचे फोटो, दहावीच्या मार्क्सकार्डाचं स्कॅन, जमिनीच्या उताऱ्याचे फोटो, सगळं असतंय आणि "डी ड्राइव्हला काय होत नाही" या भरवशावर लोक बिनधास्त असतात. डी ड्राइव्ह पण त्याच डिस्कवर आहे हो. आधी उबंटूचा (विंडोजसारखीच, पण फुकटची सिस्टिम, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरनंच चालते) पेनड्राइव्ह करा, त्यावरनं बूट करून 'ट्राय' घ्या, 'इन्स्टॉल' नव्हे, आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ते जमत नसेल तर विंडोजच्या सेटअपमध्येच शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते, तिथं नोटपॅड टाइप करून एंटर मारा, फाइल मेनूतलं ओपन उघडा, खाली 'ऑल फाइल्स' करा, त्या छोट्या खिडकीतनं सुद्धा फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतो. हे कळल्यापासून मी बऱ्याच जणांचे फोटो असेच काढून दिलेत. डिस्क खटखट आवाज करत असेल तर मात्र हे पण नको, बंद करा आणि डेटा काढणाऱ्याकडं द्या.

एरर कोड गूगल करून त्यावर विश्वास ठेवणे

झिरो एक्स ८००७०५७० ही एरर घ्या, 'लागणारी फाइल खराब आहे किंवा सापडत नाही' अशा अर्थाची. गूगल केलं की पहिलं उत्तर येतंय की आयएसओ, म्हणजे विंडोजची ती मोठी इन्स्टॉल फाइल, परत डाउनलोड करा. आता खराब फाइल तीन ठिकाणी खराब होऊ शकते, पेनड्राइव्हवर आधीच खराब होती, वाचून रॅममध्ये ठेवली तिथं खराब झाली, नाहीतर डिस्कवर लिहिताना. कोड तिन्हीला तोच. म्हणून कोड लिहून ठेवा पण त्याला पुरावा समजू नका. दोनदा तोच कोड त्याच टक्क्यावर आला तर तो पुरावा.

सेटिंगचा घोळ आणि हार्डवेअरचा दोष यात गल्लत

हे पटकन सांगतो कारण यात पार्ट काय गेलेला नसतो. डिस्क दिसते पण 'जीपीटी पार्टिशन स्टाइल' असं काहीतरी म्हणून इन्स्टॉल होईना, तर बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो का बघा, त्यातला यूईएफआय लिहिलेला निवडा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही, लोक म्हणतात एसएसडी गेली, गेलेली नसते, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर' करावा लागतो. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुन्या मशिनवर ११ मारायची जी लाट आलीय, त्यात 'हा पीसी चालणार नाही' असा मेसेज आला तर तो टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळं किंवा जुन्या प्रोसेसरमुळं, मशीन बिघडलं म्हणून नव्हे.

एकाच पेनड्राइव्हवर अडून बसणे

दुसरा पेनड्राइव्ह, दुसऱ्या कंप्युटरवर बनवलेला, मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला. एवढं करून बघितल्याशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या टूलला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण बाजारातनं स्वस्तात आणलेला ६४ जीबी कधीकधी आत ८ जीबीचाच असतो, वरनं नुसतं दाखवतो, आणि भरत आलं की पुढची फाइल कचरा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं प्रोग्राम आहे, ते पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतंय, खोटारडा लगेच सापडतो. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या मशिनवर सुरळीत चालला की तो सुटला, मग त्याच्यामागं लागू नका.

डिस्क तपासताना केबल विसरणे

विंडोज चालू होत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला लावा आणि डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे प्रोग्राम उघडा. हिरवं-निळं 'गुड' दिसलं म्हणून बंद करू नका, खालच्या ओळी वाचा. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळं लटकून राहिलेले, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. यातला सी५ शून्य नसेल तर मी त्या डिस्कवर विंडोज मारत नाही, मालक कितीही म्हणू देत "चालवून बघ की". पण सी७ वाढलेला असेल आणि बाकी सगळं शून्य, तर डिस्क बिचारी चांगली आहे, साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी पट्टी, खराब आहे नाहीतर सैल आहे. केबल स्वस्तात मिळते आणि लोक हजारोंची डिस्क बदलून येतात. एक लक्षात ठेवा, सी७ चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

आणखी एक सोपी परीक्षा. डिस्कची केबल काढूनच टाका आणि उबंटू पेनड्राइव्हवरनं तासभर चालवा, ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा. मजेत चाललं तर रॅम, प्रोसेसर, पॉवर यांच्यावरचा संशय बराच कमी झाला, डिस्क आणि केबल उरली. इथं पण गोठलं तर डिस्कला उगाच शिव्या देत होतो म्हणायचं.

रॅमला वीस मिनिटांत क्लीन चिट देणे

ही माझी स्वतःची चूक. खानापूरला मावशीकडं पावसाळ्यात भिंतीला ओल, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, मग रॅमच्या पट्टीवरच्या पिवळ्या दातांचं काय होत असेल विचार करा. तिच्या मशिनवर विंडोज कधी १२ टक्क्यावर, कधी ६८ वर, कधी फाइल खराब, कधी निळा स्क्रीन. मी रॅम तपासणारं मेमटेस्ट लावलं, चहा झाला, गप्पा झाल्या, वीस मिनिटं एररची एकही लाल ओळ नाही, मी म्हटलं रॅम ठीक आहे. हार्डडिस्क बदलायला लावली. नव्या डिस्कवर पण तेच. मग रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी स्क्रीन लालेलाल, पहिल्या फेरीला काय नाही आणि तिसऱ्या फेरीला एरर. मावशीनं काय म्हटलं ते लिहित नाही.

तर मेमटेस्ट रात्रभर, आणि एक एरर पण एररच, 'एवढी चालते' असं नसतंय. आली की लगेच पट्टी फेकू नका. मेन वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण दोनचार वेळा दाबून राहिलेली वीज जाऊ दे, पट्टी काढा, दातांवरनं साधा पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा ब्रशनं झटका, स्लॉट पण साफ करा. मग एकच पट्टी लावून टेस्ट, मग दुसरी, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. पट्टी एका स्लॉटला नापास आणि दुसऱ्याला पास म्हटल्यावर दोष मदरबोर्डच्या स्लॉटचा. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) चालू असेल तर टेस्टच्या आधी बंद करा, वेगानं पळवलेली चांगली रॅम पण ठेचकाळते. मावशीची एक पट्टी खोडरबरानं सुधारली, दुसरी नाही सुधारली.

तीन गोष्टी एकदम बदलणे

रॅम काढून परत लावली, केबल बदलली, बायोस डिफॉल्ट केला, सगळं एका दमात, आणि चालू झालं. बरं वाटतंय, पण काय बिघडलं होतं ते कळलं नाही आणि महिन्यानं परत तेच. एका वेळी एकच.

तारीख-वेळ दरवेळी मागं जात असेल तर आधी बोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदला, सीआर२०३२, ३ व्होल्टची. ती मेली की बायोसची सेटिंगं मूळ जागी जातात, त्यात साटाचा मोड बदलला की कालपर्यंत चालणारी विंडोज आज निळा स्क्रीन देते आणि घरात सगळे म्हणतात व्हायरस आला.

आणि मदरबोर्ड शेवटी. "बोर्ड गेलाय" हे सांगायला सगळ्यात सोपं असतंय, म्हणून कोणी सांगितलं तर विचारा की दुसरी रॅम आणि दुसरा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) लावून बघितला का, माझ्यासमोर लावा. बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरनं फुगलेत किंवा तपकिरी काहीतरी गळलंय असं डोळ्यांनी दिसलं तर मग मानायचं.

घराची लाईन न बघणे

आता मामांकडं. मी काय केलं, मशीन उचललं आणि टिळकवाडीला माझ्या घरी आणलं. एका दमात विंडोज मारून झाली. मी पोराला फोन करून ऐकवलं पण की बघ, हात लागतो लागतो म्हणतात तो असा. परत नेऊन दिलं, दोन दिवसांनी फोन, "परत रिस्टार्ट होऊलाय."

तेव्हा ते कॅबिनेटवरचं पान नीट वाचलं, आधीच वाचायला पाहिजे होतं. ३१ टक्के, रिस्टार्ट. १२ टक्के, रिस्टार्ट. ५५, रिस्टार्ट. एरर कुठंच नाही, सगळीकडं रिस्टार्ट. आणि एकदाच ८८ टक्क्यापर्यंत गेलं होतं, त्यापुढं वेळ लिहिली होती दुपारी दीड. दीड वाजता काय असतंय? जेवण. जेवायला खालच्या खोलीतले यंत्रमाग बंद असतात.

वडगाव, खासबाग, शहापूर भागात घराच्या खालच्या खोलीत यंत्रमाग आणि वरच्या खोलीत पोरांचा अभ्यास हे काय नवीन नाही. मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, दिवा क्षणभर मंद होतो, पंख्याचा आवाज बदलतो, घरच्यांना त्याची इतकी सवय की सांगायचं कोणाला सुचलंच नाही. चांगला एसएमपीएस असा झटका पचवतो. हा आठ वर्षांचा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. मल्टिमीटर घेतला, जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवर पिवळी आणि काळी, १२ व्होल्ट पाहिजेत, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतंय. माग बंद, ११.६. खालनं मोटर चालू करायला सांगितली, आकडा ११.१ ला गेला आणि स्क्रीन काळा. पोरगा वरनं ओरडला, "गेला!"

यूपीएस होता की, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली, तो नुसता एक जड एक्स्टेंशन बोर्ड म्हणून खाली बसलेला. लोक यूपीएसचा हिरवा दिवा बघून खुश असतात, मेन बटण बंद करून कंप्युटर चालू राहतो का एवढं बघत नाहीत. नवा एसएमपीएस घातला, यूपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घातली, आणि कंप्युटरचा पॉइंट मागाच्या लाईनवरनं काढून दुसऱ्या लाईनवर घेतला. हे मी एकेक करून केलं, एसएमपीएस बदलल्यावरच रिस्टार्ट थांबलं, बाकीचं पुढच्या वेळेसाठी. जुना एसएमपीएस उघडून बघू नका, वायर काढल्यावर सुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याएवढी वीज राहते.

विंडोज वीस मिनिटांत मारून झाली, भर माग चालू असताना. एक राहिलंय, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात, म्हणजे त्या खोलीत अर्थिंगच नाही. वायरमन "येतो" म्हणून गेलाय, तोवर पोराला म्हटलं चप्पल घालून बस.