बोल्ट-ॲक्शन रायफलची अचूकता आणि ट्रिगर कसा पारखावा

राधानगरी-दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1958 साली ते अभयारण्य झाले आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच मिटला. शिकारी बांध्याच्या बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणाऱ्या) रायफली मात्र काही घरांत परवान्यावर अजून आहेत, आणि त्याच यंत्रणेची पॉइंट टू टू (0.22 इंची काडतुसाची) रायफल 50 मीटरच्या स्पर्धांत वापरली जाते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले ते याच अंतरावर, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम) या प्रकारात. रायफल हातात आली की पहिला प्रश्न असतो, ‘ही लागते का?’ या एका प्रश्नात रायफल, काडतूस, ट्रिगर आणि नेमबाज असे चार निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि ते एकेक करून सोडवले नाहीत तर दोष हमखास चुकीच्या माथी जातो. येथे दिलेली पद्धत पॉइंट टू टू रायफल धरून, परवानाधारकासाठी आणि मान्यताप्राप्त रेंजसाठी आहे.

सुरुवात गोळीबाराने करू नये. बोल्ट उघडावा, मॅगझिन काढून बाजूला ठेवावे आणि चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. त्यानंतर दस्त्याचे (नळी व यंत्रणा ज्यात बसते त्या लाकडी भागाचे) स्क्रू तपासावेत. ते किती घट्ट असावेत हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि अंदाजाने पिळणे हा त्याला पर्याय नव्हे. मी स्वतः एका रायफलच्या नळीला दोन महिने दोष देत होतो. गोळ्या सातत्याने दोन वेगळ्या झुबक्यांत पडत होत्या, आणि शेवटी निघाला तो पुढचा सैल स्क्रू. नळी दस्त्याला न टेकणारी असेल, तर दोघांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती मध्येच अडली तर तेथे लाकूड नळीला दाबत आहे असे समजावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो, त्यामुळे मे महिन्यात सहज सरकलेली पट्टी ऑगस्टमध्ये अडू शकते.

आता रेंजवर. या टप्प्यात नेमबाजाचा वाटा जितका कमी करता येईल तितका करावा. दस्त्याचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवावा (नळी कधीही टेकवू नये) आणि मागे खांद्याजवळ दुसरी लहान पिशवी द्यावी. जुन्या पँटच्या पायात वाळू भरून शिवलेली पिशवी या कामाला उत्तम चालते. साफ केलेल्या नळीतून किंवा काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण शिशाच्या गोळीवरचे मेण किंवा ग्रीस नळीत एकसारखे बसेपर्यंत गोळ्या भरकटतात.

त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या काडतुसाचे दहा-दहा गोळ्यांचे निदान दोन गट (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) काढावेत. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या म्हणून कागद खिशात घालून मिरवणारे पुष्कळ भेटतात. तीन गोळ्यांचा गट बहुतेक वेळा नशिबाचा असतो. गटातील सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर मोजावे आणि त्यातून एका भोकाची रुंदी वजा करावी. 50 मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे 14.5 मिलिमीटर, तर स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. जुन्या शिकारी बांध्याच्या पॉइंट टू टू रायफलने दहा गोळ्या 30 मिलिमीटरच्या आत ठेवल्या तर तक्रारीला जागा नाही. स्पर्धेच्या रायफलकडून मात्र याच्या निम्म्याची अपेक्षा ठेवावी.

काडतुसावर कंजुषी करू नये. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन बॅचेसमध्येही गटाचा आकार लक्षणीय बदलतो, म्हणून पेटीवरील बॅच क्रमांक टिपून ठेवावा. स्वनातीत वेगाची काडतुसे आकर्षक वाटतात, पण 50 मीटर गाठेपर्यंत गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली घसरतो आणि त्या उंबरठ्यावर ती डळमळते. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम त्याहून कमी वेगाची ठेवतात. गट उभा लांबला तर काडतुसांच्या वेगातील फरकाचा संशय घ्यावा, आडवा पसरला तर आधी वाऱ्याचा.

ट्रिगरची परीक्षा रिकाम्या रायफलवर आणि स्वतंत्र करावी. प्रथम सुरक्षितता पाहावी: बोल्ट जोराने बंद केल्यावर ट्रिगर आपोआप सुटता कामा नये, सेफ्टी लावून ट्रिगर ओढावा, सोडावा आणि मग सेफ्टी काढावी, तेव्हाही पिन (काडतुसावर आपटणारी सुई) सुटता कामा नये. यातील एकही चाचणी फसली तर रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच जावी, घरी स्क्रूड्रायव्हर लावू नये.

ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. नळी उभी वर धरावी, ट्रिगरच्या मध्यावर गुळगुळीत आकडी अडकवावी, तिला रिकामी बाटली बांधावी आणि ट्रिगर सुटेपर्यंत हळूहळू पाणी ओतावे. मग बाटली आकडीसह स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवावी. हे दहा वेळा करावे. शिकारी रायफलचा ट्रिगर साधारण एक ते दोन किलोचा असतो, स्पर्धेच्या पॉइंट टू टूचा 100 ग्रॅमच्या आसपास. माझ्या मते, सरासरी आकड्यापेक्षा दहा आकड्यांमधील तफावत अधिक बोलकी आहे. दीड किलोचा पण दरवेळी तिथेच सुटणारा ट्रिगर सवयीने आपलासा होतो. एकदा 900 ग्रॅमवर आणि एकदा 1,400 ग्रॅमवर सुटणारा कधीच होत नाही. बोटाला जाणवणारी घसट, सुटण्याआधीची खरखर आणि सुटल्यानंतर ट्रिगरची मागे जाणारी फाजील चाल यांचीही नोंद करावी. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याची सैल चाल हा दोष नसून रचना आहे, मात्र दुसऱ्या टप्प्याची भिंत स्पष्ट लागली पाहिजे.

शेवटी दोन्ही परीक्षा जोडाव्यात. पुस्तिकेत रिकामा ट्रिगर दाबण्यास मुभा असेल तरच, अन्यथा स्नॅप कॅप (सरावाचे नकली काडतूस) घालून (पॉइंट टू टूमध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटून ती खराब होऊ शकते), नळीच्या टोकाजवळ एक रुपयाचे नाणे ठेवून ट्रिगर दाबावा. नाणे पडले तर पिशवीवरचा गट चांगला असूनही हातातला गट का फुटतो याचे उत्तर मिळते: साडेतीन किलोच्या रायफलवर दोन किलोचा ट्रिगर ओढताना नळी हलते, आणि ती हालचाल ना नळी बदलून थांबते ना काडतूस बदलून. मग पिशव्या काढून झोपून तोच दहा गोळ्यांचा गट घ्यावा. दोन गटांतील फरक हा नेमबाजाचा आणि ट्रिगरचा मिळून वाटा होय. नाणे टिकत असेल, तर त्यातला बहुतेक नेमबाजाचा. तारीख, हवा, बॅच क्रमांक, दोन्ही गटांचे आकडे आणि बाटलीची दहा वजने एका वहीत लिहावीत, आणि पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, कागदाच्या पट्टीपासून पुन्हा सुरुवात करावी.